रशियात अभिजात साहित्य जगतं, की नुसतं परीक्षेला येतं?

दर्याकाठी (धागालेखक): रशियन माणसाने आपले जुने लेखक देवघरात बसवून ठेवलेले नाहीत, ते रोजच्या बोलण्यात आहेत, असं माझं मत. खोडून काढा. कामाला कुणी उठत नसलं की तिथे हमखास विचारतात, "मग कोण करणार, पुश्किन?" १८३७ साली द्वंद्वात गोळी लागून गेलेला कवी अजून भांडी घासायच्या वादात येतो! ग्रिबोयेदोवचं पद्यनाटक त्याच्या हयातीत सेन्सॉरने पूर्ण छापू दिलं नाही. लोकांनी हाताने नकला करून वाचलं. यातल्या अर्ध्या ओळी म्हणी होणार, असं पुश्किनने १८२५ मध्येच लिहिलं होतं. कितीतरी झाल्याही.

खवचट_काका: म्हणी राहू द्या, वाचतं कोण ते सांगा. तोलस्तोयची 'युद्ध आणि शांती' कादंबरी दहावीला. एवढे चार खंड पोरं वाचतात होय? बाजारात अख्खा अभ्यासक्रम 'थोडक्यात' सांगणारी पुस्तकं मिळतात, म्हणजे आपली गाईडंच. २०१४ पासून अकरावीला डिसेंबरात निबंध असतो, किमान २५० शब्दांचा. त्यात नापास, तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. प्रेम असतं तर सक्ती कशाला?

दर्याकाठी: काका, डिसेंबर २०१५ मध्ये १३०० लोकांनी मिळून ती कादंबरी ६० तास मोठ्याने वाचली, चार दिवसांत. एका अंतराळवीराने तर अंतराळ स्थानकातून वाचली.

खवचट_काका: सरकारी वाहिनीवर. कॅमेरा लावला की आम्हीही ज्ञानेश्वरी वाचू.

भुयारी: मॉस्कोच्या मेट्रोत दस्तयेवस्काया स्टेशन आहे, २०१० चं. भिंतीवर राखाडी-काळ्या संगमरवरात दस्तयेवस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'तला खुनी रास्कोल्निकोव कुऱ्हाड उगारून उभा, दुसरीकडे एकाने स्वतःच्या कानशिलावर पिस्तूल टेकवलंय. प्रवासी उदास होतील म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली होती. चित्रं राहिली. ऑफिसला जाताना रोज खून बघणारं शहर साहित्याला विसरलंय म्हणवत नाही.

अस्वस्थ: तुम्ही सगळे फार गोड बोलताय. पुश्किनच्या मृत्यूची शताब्दी सर्वांत थाटात कुणी केली? स्टालिनने, १९३७ मध्ये, ऐन अटकसत्रात. पुश्किन जिथे शिकला त्या गावाचं, पूर्वीच्या त्सारस्कोये सेलोचं, नावच 'पुश्किन' करून टाकलं. २०२२ मध्ये रशियन सैन्याने युक्रेनचं खेरसॉन शहर ताब्यात घेतल्यावर तिथे काय लावलं? पुश्किनचे मोठाले फलक, हे शहर रशियाच्या इतिहासातलं म्हणून. मग युक्रेनमधले लोक त्याचे पुतळे उतरवतात, तर आपण त्यांना अडाणी म्हणायचं?

दर्याकाठी: अडाणी मी म्हटलंच नाही. पण फलक लावणारे तोलस्तोयचा 'हाजी मुराद' कधी लावत नाहीत. त्या कथेत रशियन शिपाई चेचेन गाव जाळून जातात, पाण्याची जागा आणि मशीद मुद्दाम घाण करून ठेवतात, एका पोराच्या पाठीत संगीन. तोलस्तोय गेल्यावर १९१२ मध्ये छापलं, तेही सेन्सॉरने कापून. एप्रिल २०२२ मध्ये क्रेमलिनजवळ एक माणूस हातात नुसतं 'युद्ध आणि शांती' घेऊन उभा राहिला, तर पोलिसांनी उचलला. मेलेल्या पुस्तकाला पोलीस लागत नाहीत.

अस्वस्थ: त्या पोलिसालाही शाळेत तीच कादंबरी होती. काय उपयोग झाला?

खवचट_काका: त्याने गाईड वाचलं असणार.