शिक्षा छापली, कारण मागितलंच नाही

मांडवीकाठ, पणजी

२० डिसेंबर २०१५ ची रात्र मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर काढली. फातोर्ड्यावर आयएसएल या फुटबॉल लीगची फायनल होती, आपली एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने २-१ केलं आणि मी पानावर आठ कॉलमी 'गोवा चॅम्पियन' लावून टाकलं. ९०व्या मिनिटाला आपल्या गोलकीपर कट्टीमनीचा स्वयंगोल, पाठोपाठ चेन्नईच्या मेंडोझाचा गोल. चेन्नई ३-२. मथळा काढला, फोटो बदलला, तेवढ्यात मैदानावरून वार्ताहराचा फोन आला की इथं काहीतरी झटापट झालीय, बक्षीस समारंभाला आपली टीम आलेलीच नाही. पुढे कळलं, गोव्याच्या सहमालकांच्या तक्रारीवरून चेन्नईच्या एलानोला पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि नंतर जामिनावर सोडलं.

मे २०१६ मध्ये लीगच्या नियामक आयोगाने त्या रात्रीबद्दल एफसी गोवाला शिक्षा सुनावली. ११ कोटी रुपये दंड, पुढच्या मोसमात १५ गुण वजा, दोन्ही सहमालकांवर बंदी. आदल्या मोसमात साखळीत आपण पहिले आलो ते २५ गुणांवर, म्हणजे १५ गुण कापणं हे पहिल्या सामन्याआधीच मोसम संपवणं होतं. काही महिन्यांत अपिलात गुणकपात रद्द झाली, बंदी उठली, दंड ६ कोटींवर आला.

दोन्ही बातम्या मीच लावल्या. दोन्ही वेळा आकडा मोठ्या टायपात. मे महिन्यात जो गुन्हा १५ गुणांचा होता तो अपिलात शून्य गुणांचा कसा झाला, हे मी कुणाला विचारलं नाही. आदेशाची प्रत मागवली नाही. एजन्सीच्या कॉपीवर पान गेलं. हे मला आजही टोचतं.

म्हणून हा धागा. तेव्हा आयएसएल चालवणारी कंपनी होती एफएसडीएल, ती रिलायन्सची, तिच्यात स्टारची भागीदारी, आणि सामने दाखवणारं चॅनेलही स्टारचंच. २०२३-२४ पासून प्रक्षेपण व्हायकॉम१८ कडे गेलं, तेही रिलायन्सच्याच घरात. जो लीग चालवायचा तोच दाखवायचा, मग शिक्षा चुकीची झाली असं त्या स्टुडिओत बसून कोण म्हणणार होतं? निदान वर्तमानपत्रांनी तरी विचारायला हवं. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टन क्लबचे १० गुण कापले, फेब्रुवारीत अपिलावर ते ६ केले. दोन्ही वेळा आयोगाची लेखी कारणं जाहीर झाली. चाहता चिडला तरी नेमक्या कोणत्या परिच्छेदावर चिडायचं ते त्याला ठाऊक होतं. आपल्याकडेही प्रत्येक शिक्षेबरोबर पूर्ण कारणपत्र जाहीर व्हावं, आणि पेपरांनी ते मागितल्याशिवाय शिक्षेची बातमी पहिल्या पानावर घेऊ नये, असं माझं मत आहे.

स्टॉपर बॅक, फोंडा

मांडवीकाठ, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही.

आपली टीम हरली म्हणून ती शिक्षा आपल्याला अन्यायाची वाटली. देशभर थेट प्रक्षेपण चालू असताना फायनलच्या बक्षीस समारंभाला टीम गैरहजर राहते, हा प्रकार मुंबईच्या क्लबने केला असता तर आपणच म्हटलं असतं, ठोका यांना. ३ मार्च २०२३ आठवा. बेंगळुरूत नॉकआउटचा सामना, जादा वेळेत बेंगळुरूच्या छेत्रीने झटपट फ्रीकिक घेऊन गोल केला आणि केरला ब्लास्टर्सचे कोच वुकोमानोविच टीम घेऊन मैदानाबाहेर गेले. क्लबला ४ कोटी दंड, कोचवर १० सामन्यांची बंदी. अपीलही फेटाळलं. कठोर? हो. पण ती फ्रीकिक बरोबर की चूक हा वेगळा विषय. खेळ सोडून जायचं नाही, ही रेष कुणीतरी आखायलाच हवी होती.

आणि मीडियाचं म्हणाल तर त्या वेळी बऱ्याच ठिकाणी कोचलाच हिरो केलेलं मी वाचलं आणि पाहिलं. 'स्वाभिमानाने बाहेर पडले' वगैरे. तेव्हा मीडिया लीगच्या दडपणाखाली आहे हे अर्धंच खरं. चाहत्यांच्या दडपणाखाली जास्त आहे. २०१५ च्या डिसेंबरात आपल्याकडच्या पेपरांत चेन्नईची बाजू किती ओळी आली होती? तुम्ही डेस्कवर होता, तुम्हीच सांगा.

दुलेरची पायरी, म्हापसा

स्टॉपर बाब, कठोरपणाला माझी हरकत नाही. उशिराला आहे, आणि फिरवाफिरवीला आहे.

आपल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचं बघा. ६ एप्रिल २०२५ ला श्रीनगरमध्ये रियल काश्मीरशी १-१ झालं आणि आय-लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या खालच्या लीगच्या, तक्त्यात आपण ४० गुणांवर वर, इंटर काशी ३९ वर. पण जानेवारीतल्या एका सामन्याचा निकाल लटकलेला. नामधारीने इंटर काशीला हरवलं होतं, आणि त्या सामन्यात नामधारीने चार यलो कार्डांमुळे बाहेर बसायला हवा असलेला खेळाडू उतरवला असा वाद होता. शिस्तपालन समितीने सामना इंटर काशीला दिला, अपील समितीने तो निर्णय फिरवला. चर्चिल विजेते जाहीर झाले. ट्रॉफी गोव्यात आली. आणि १८ जुलैला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने सांगितलं की विजेते इंटर काशी.

मी चर्चिलवाला. आमच्या वाड्यावर एप्रिलमध्ये फटाके वाजले होते. माझ्या भाच्याने वहीच्या मागच्या पानावर अख्खा गुणतक्ता हाताने लिहून भिंतीला चिकटवला होता, वर लाल पेनाने चर्चिल ४०. जुलैत त्याने विचारलं, "मामा, मॅच तर झाली नाही, मग गुण कुठून बदलले?" काय सांगणार? मलाच नीट समजलं नव्हतं. तीन दिवस पेपर चाळले. 'चर्चिलला धक्का' असं सापडलं, धक्का कोणत्या नियमाने बसला ते कुठेच सापडलं नाही. इंटर काशीचं म्हणणं कायद्याने बरोबर असेलही, लोझानने ऐकूनच निकाल दिला असणार. पण मला ते वाचायला मिळायला नको? मराठीत?

शिट्टी, डिचोली

मी बावीस वर्षं गावोगावच्या स्पर्धांत पंच आहे. तुम्ही कोटींच्या गोष्टी करताय, मी खालून सांगतो.

मॅच संपली की स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवून मी अहवाल लिहितो. पावसाळ्यात डिकीतली प्लास्टिकची पिशवी वर धरायला लाइनमन उभा असतो. मिनिट, जर्सीचा नंबर, काय घडलं. शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी लिहायची, 'अपशब्द वापरले' एवढं चालत नाही. समितीला शब्द हवा असतो, कारण शब्दावर शिक्षा ठरते. एकदा एका मुलाला मी सेकंड हाफमध्ये रेड कार्ड दाखवलं. चेंडू दूर गेला होता आणि त्याने समोरच्याच्या घोट्यावर बूट ठेवला, माझ्यापासून चार पावलांवर. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं, 'पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे' अमुक क्लब हरला. मैदानावर त्या पेपरचं कुणीच नव्हतं. बातमी क्लबच्या सेक्रेटरीने फोनवरून सांगितलेली. पुढचे दोन रविवार मला त्या गावात पोरं नावाने हाका मारत होती.

आयएसएलमध्ये तर व्हीएआर, म्हणजे पंचाला व्हिडिओवर निर्णय तपासायची सोय, नाही. टीव्हीवाला तोच क्षण पाच बाजूंनी संथ करून दाखवतो, पंचाला तो एकदाच दिसतो, तोही धावताना. स्टुडिओत लीगविरुद्ध कुणी बोलत नसेल, पण पंचाविरुद्ध सगळे बोलतात. लीगला ते सोयीचंच पडतं.

मांडवीकाठ, पणजी

स्टॉपर बॅक, प्रामाणिक उत्तर देतो. चेन्नईची बाजू आम्ही एका चौकटीत दिली, तीही आतल्या पानावर. पहिल्या पानावर आमचं दुःख होतं. तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ धाग्यात तो मीच लिहायला हवा होता.

पण 'रेष आखायला हवी' याच्याशी मी अडखळतो. रेष आखून मग पुसली जाते, त्याचं काय? डिसेंबर २०१२ मध्ये कोलकाता डर्बीत मोहन बागान हाफटाइमनंतर मैदानात उतरलं नाही. आधी दोन वर्षांहून जास्त बंदी. जानेवारीत बंदी मागे, २ कोटी दंड आणि तोवरचे गुण शून्य. एफसी गोवाचंही तेच, आधी १५ गुण, मग काही नाही. उलट ब्लास्टर्सच्या दंडातला एक रुपया कमी झाला नाही. तिन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य असू शकतील. पण एकाचं दुसऱ्याशी नातं काय, हे कारणं समोर ठेवल्याशिवाय कसं कळणार? मग लोक म्हणतात मोठ्या क्लबला सूट, आणि ते खोडायला पेपरवाल्याच्या हातात कागद नसतो.

स्टॉपर बॅक, फोंडा

बागानचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, कबूल. तिथे पहिली शिक्षाच टिकवायला हवी होती.

तरी एक भीती सांगतो. पूर्ण कारणपत्र जाहीर केलं की त्यात पंचाचा अहवाल येणार, म्हणजे पंचाचे शब्द येणार. शिट्टी, तुम्हाला दोन रविवार त्रास झाला तो एका ओळीच्या बातमीवरून. तुमचा अख्खा अहवाल व्हॉट्सॲपवर फिरला तर? म्हणून मला वाटतं, कारणं क्लबला कळवावीत, लोकांना निकाल पुरे. दुलेरची पायरी, भाच्याला नियम समजावणं हे पेपरचं काम आहे, समितीचं नाही. नियमावली छापील असते, ती वाचून सोप्या मराठीत लिहिणारा एक माणूस ठेवा.

दुलेरची पायरी, म्हापसा

आणि कुठल्या खेळाडूला, कुठल्या कलमाखाली, हे समितीने सांगितलंच नाही तर तो माणूस लिहिणार काय? २००४ मध्ये आपल्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कुडतरी जिमखान्याने ६१-१ आणि दुसऱ्या एका क्लबने दोनापावलाच्या क्लबविरुद्ध ५५-१ अशा मॅच जिंकल्या, गोलफरकासाठी. चारही क्लब निलंबित झाले. तिथे कारण विचारायची गरज नव्हती, स्कोअरबोर्डच पुरावा होता. लोझानपर्यंत गेलेलं प्रकरण स्कोअरबोर्डवर दिसत नाही हो.

शिट्टी, डिचोली

स्टॉपर बाब, माझ्या काळजीने बोललात, पण माझा अनुभव उलटा आहे. अहवाल बाहेर आला असता तर त्यात ते मिनिट होतं, घोटा होता, चार पावलं होती. पोरांना सेक्रेटरीचीच गोष्ट ठाऊक होती, म्हणून ती हाका मारत होती.

येत्या रविवारी आमच्या बाजूला पाच वाजता मॅच आहे. मांडवीकाठ, तुमच्या ओळखीचा कुणी वार्ताहर असेल तर पाठवा. फॉर्म दाखवता येणार नाही, तो असोसिएशनला जातो. पण कार्ड का काढलं, असं संपल्यावर येऊन विचारलं तर सांगेन. बावीस वर्षांत अजून कुणी विचारलेलं नाही.