टर्बो बसवल्यावर पेट्रोल कसं वाढवायचं: दाब वाढवून की ईसीयू बदलून?

चौथा गिअर (धागाकर्ता)

बाइकला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवायचं ठरलं की सगळी चर्चा टर्बोभोवतीच फिरते. कुठल्या मापाचा घ्यायचा, एक्झॉस्टला कुठे जोडायचा, इंटरकूलरला (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) वारा कुठून मिळेल. पेट्रोलचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, आणि पिस्टन वितळतो तो मात्र पेट्रोल कमी पडल्यामुळे. म्हणून हा धागा फक्त पेट्रोलवर.

माझं मत: गाडी इंजेक्शनची असेल आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.३ बारच्या आत ठेवणार असाल, तर मूळ ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हात लावू नये. पेट्रोलचा दाब वाढवावा. इंजेक्टर हा शेवटी एक नळ आहे. तो किती मिलीसेकंद उघडायचा ते ईसीयू ठरवतो, आणि नळामागे साधारण ३ बारचा दाब असतो. रायझिंग रेट रेग्युलेटर लावला की बूस्ट चढेल तसा तो दाब बूस्टच्या कित्येक पटीने वाढवतो. उघडण्याची वेळ तीच, पेट्रोल जास्त.

फायदा असा की बूस्ट नसताना सगळं मूळचंच राहतं. कडाक्याच्या थंडीत पहिल्या बटणाला स्टार्ट, आयडलिंग स्थिर, हळू चालवताना झटके नाहीत. हे सगळं जुळवायला कंपनीच्या माणसांनी महिनोन्‌महिने घालवलेले असतात. लॅपटॉप घेऊन बसलेल्या एकट्या माणसाला ते सुट्टीच्या दोन दिवसांत नव्याने जमत नाही. मी दोन वर्षं ०.२५ बारवर अशीच गाडी चालवतोय.

लॅम्बडा

पूर्ण असहमत, आणि कारण साधं गणिताचं आहे.

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट पेट्रोल हवं तर दाब चौपट लागतो. तुमचाच आकडा घेऊ. ०.२५ बार बूस्ट म्हणजे हवा ढोबळमानाने सव्वापट. शिवाय बूस्टमध्ये मिक्स्चर जास्त रिच (पेट्रोल जास्त असलेलं) लागतं. आधी फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १३:१ चालत असेल तर आता निदान १२:१ हवं. दोन्ही धरून पेट्रोल १.३५ पट, त्याचा वर्ग १.८. म्हणजे ३ बारचे झाले साडेपाच, आणि मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) बूस्ट उलटा ढकलतो त्याचे ०.२५ वेगळे. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) पावणेसहा बार. चला, जमलं.

आता बूस्ट ०.७ करा. याच हिशोबाने रेलमध्ये जवळपास ११ बार लागतात. ३ बारसाठी बनवलेला टाकीतला पंप तिथपर्यंत पोचणार नाही, आणि पोचलाच तरी एवढ्या दाबाविरुद्ध कित्येक इंजेक्टर नीट उघडत नाहीत. टर्बो बसवलेला माणूस ०.२५ वर थांबतो असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. वेस्टगेटची (बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बदलायला अर्धा तास पुरतो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. बहुतेक बाइकचा ईसीयू मोठ्या थ्रॉटलला दोनच गोष्टी बघतो: थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती. टर्बो नसताना तेवढं पुरतं, कारण तितक्या थ्रॉटलला तितक्या आरपीएमला हवा तेवढीच येते. टर्बो आला की हे नातं तुटतं. ६००० आरपीएम, अर्धा थ्रॉटल, एकदा बूस्ट शून्य आणि एकदा ०.२. ईसीयूला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे सगळा भार रेग्युलेटरमधल्या एका डायफ्रामवर (पडद्यावर) टाकून तुम्ही निवांत बसणार. माझा उपाय: मॅनिफोल्डचा दाब वाचणारा स्वतंत्र ईसीयू, तो दाब मोजणारा २ किंवा ३ बारचा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, आणि बूस्टच्या बरोबरीने दाब वाढवणारा साधा रेग्युलेटर. पट नको, बरोबरी हवी.

चौथा गिअर

डायफ्राम बूस्टच वाचतो की. ईसीयूला जे दिसत नाही ते त्याला दिसतं, त्यासाठीच तो लावायचा. आणि मोठ्या इंजेक्टरचं दुखणंही सांगा ना. इंजेक्टरला उघडायलाच मिलीसेकंदभर जातो. आयडलिंगला मोठ्या इंजेक्टरकडून इतकं थोडं पेट्रोल हवं असतं की उघडतो न उघडतो तोच बंद करावा लागतो. मग गाडी कधी काळा धूर सोडते, कधी सिग्नलला बंद पडते.

लॅम्बडा

हे मान्य. म्हणून मी नेहमी हिशोब करूनच माप ठरवतो. टर्बो इंजिनला एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सुमारे ६.३ सीसी पेट्रोल धरा. १५० हॉर्सपॉवर, चार इंजेक्टर, ८० टक्के ड्युटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण): एकेक इंजेक्टर साधारण ३०० सीसीचा. राक्षसी मापाची गरजच नाही. पण बाइकला वेळ फार कमी मिळतो हे विसरू नका. १०,००० आरपीएमला फोर स्ट्रोकचं एक चक्र १२ मिलीसेकंदांत संपतं. त्यामुळे फार ताकद हवी असेल तर मूळचे इंजेक्टर ठेवून वरच्या बाजूला दुसरी रांग बसवावी, ती फक्त बूस्टमध्ये उघडेल अशी.

नवा भिडू

एवढं करण्यापेक्षा प्लेनममध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या डब्यात) एकच जादा इंजेक्टर लावला तर?

लॅम्बडा

सिंगल सिलिंडरला चालेल. चार सिलिंडरला नको. पेट्रोल हवेपेक्षा जड, वळणावर ते सरळ जातं. दोन सिलिंडर रिच, दोन लीन (पेट्रोल कमी), आणि एक्झॉस्टमधला सेन्सर चौघांची सरासरी दाखवून सगळं छान आहे असं सांगतो.

तेलकट हात

कार्बोरेटरवाल्यांचंही ऐका. माझ्या गाडीत ईसीयूच नाही आणि ०.५ बारवर ती उत्तम पळते. टर्बोतून निघालेली हवा बंद प्लेनममधून कार्बोरेटरमध्ये जाते. किल्ली एकच: फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) व्हेंटलाही तोच प्लेनमचा दाब द्यायचा, आणि पंपाचा दाब कायम बूस्टपेक्षा ०.२ ते ०.३ बार वर ठेवायचा. टाकीतून आपोआप उतरणाऱ्या पेट्रोलवर हे चालत नाही. टाकी फूटभर उंच असली तर पेट्रोलचा दाब जेमतेम ०.०२ बार भरतो, बूस्ट त्याला उलटं टाकीकडे ढकलेल.

कार्बोरेटर टर्बोच्या आधी बसवायचा जुना प्रकार मात्र टाळा. १९७८ च्या कावासाकी झेड१आर-टीसीला तसा होता. थ्रॉटल बंद केला की टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जातं, आणि टर्बोपासून इंजिनपर्यंतचा सगळा पाइप पेट्रोलच्या वाफेने भरलेला. त्यात इंटरकूलर घालायचा विचारही नको. यामाहाने १९८२ च्या एक्सजे६५० टर्बोला कार्बोरेटर टर्बोनंतरच ठेवले होते.

लॅम्बडा

आणि होंडा सीएक्स५०० टर्बो, सुझुकी एक्सएन८५, कावासाकी जीपीझेड७५० टर्बो? तिघांनाही इंजेक्शन. कार्बोरेटर अजून सर्रास वापरात असताना चारपैकी तीन कंपन्यांनी तो सोडला, यातच उत्तर आहे.

तेलकट हात

कंपनीला लाखो किलोमीटर आणि प्रदूषणाचे नियम बघायचे असतात. मला कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलचं माप ठरवणारा भोकाचा तुकडा) हातात धरून बदलता येतो.

पांढरा प्लग

सगळे जण नळावर भांडताय, विहिरीकडे कोणी बघत नाही. माझी कहाणी सांगतो.

माझ्या गाडीला सगळं लॅम्बडा म्हणतात तसंच होतं. स्वतंत्र ईसीयू, हिशोबाने घेतलेले इंजेक्टर, बूस्टच्या बरोबरीने चालणारा रेग्युलेटर, ०.७ बार. तरीही तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं. प्लग काढला तेव्हा त्याचं पोर्सेलिन खडूसारखं पांढरं होतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक, चकाकणारे मणी चिकटलेले होते. ते अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

इंजिन पुन्हा बांधल्यावर पेट्रोलच्या लाइनला दाबाचं गेज जोडलं आणि गाडी डायनोवर (जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली. ६००० आरपीएमला काटा ३.७ वर, जिथे असायला हवा तिथेच. ७००० लाही तिथेच. ८००० च्या आसपास तो थरथरला आणि सावकाश खाली सरकत ३.२ वर आला. बूस्ट ०.७ वरच होता. म्हणजे इंजेक्टरच्या वाट्याला ३ ऐवजी अडीच बार, पेट्रोल ९ टक्के कमी. ११.८ चं मिक्स्चर १२.९ झालं, तेही सगळ्यात जास्त उष्णतेच्या जागी. मी तत्काळ थ्रॉटल सोडायला सांगितलं.

नंतर बॅटरीवर मोजलं तर १३.८ व्होल्ट, पंपाच्या टर्मिनलवर ११.४. मूळची बारीक वायर आणि जुना कनेक्टर, बाकी काही नाही. बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि रिले टाकला तशी काट्याची घसरण निम्म्याने कमी झाली. उरलेल्यासाठी मोठा पंप लागला. पंप विकताना छापलेला लिटरचा आकडा बहुतेकदा ३ बारचा असतो, दाब वाढला की तो घटतो. तक्ता मागून घ्या आणि तुमच्या दाबावरचा आकडा बघा. आता दाबाचा सेन्सर ईसीयूला जोडलेला आहे. हवा तेवढा दाब मिळाला नाही की तो इग्निशन तोडतो.

चौथा गिअर, तुमचा पंप तर पावणेसहा बारवर ढकलतोय. वरच्या आरपीएमला दाब कधी मोजलाय का?

चौथा गिअर

नाही. वाइडबँडचा (एक्झॉस्टमधल्या मिक्स्चर मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा ठीक दिसत होता म्हणून गरज वाटली नाही. शनिवारी गेज लावतो.

पांढरा प्लग

वाइडबँडवर विसंबू नका. एखादा सिलिंडर मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन पुढे जातो आणि सेन्सर लीन दाखवतो. तेव्हा पेट्रोल वाढवलं तर मिसफायर आणखी वाढतं. आकडा आणि प्लग दोन्ही बघा.

चौथा गिअर

मोजलं. ७५०० पर्यंत ५.७, त्यानंतर घसरत रेडलाइनला ५.१. दोन वर्षं मी हे असंच चालवत होतो. तूर्त वेस्टगेटला मऊ स्प्रिंग टाकून बूस्ट ०.२ वर आणलाय, पंपाची वायर आज रात्री बदलतोय. रेग्युलेटर मात्र काढणार नाही. लॅम्बडा, नवा पंप आला की त्याच गेजवर पुन्हा बोलू.