मदत हवी आहे: पीएलजीएच्या सूक्ष्मकणांतून निम्मे प्रथिन पहिल्याच दिवशी बाहेर येते आणि पुढे थांबते

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकाच टोचणीत लसीच्या पुढच्या मात्राही देऊ शकतील असे पीएलजीए या जैवविघटनशील (शरीरात हळूहळू विघटित होणाऱ्या) पॉलिमरचे सूक्ष्मकण, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट लसीसाठी बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणावे लागते. नंतरच्या मात्रा पहिल्याच टोचणीत कणांमध्ये भरून देता आल्या तर त्या दोन खेपा वाचतील, ही यामागची जुनी कल्पना. या लसीतील एक घटक असलेले धनुर्वाताचे टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेले विष) मला उपलब्ध नसल्यामुळे त्याच्या जागी बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन, नमुना प्रथिन म्हणून वापरत आहे.

पद्धत नेहमीचीच आहे. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचे प्रमाण ५०:५० असलेला, साखळीच्या टोकाला मुक्त आम्लगट असलेला पीएलजीए मी डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवते, त्यात प्रथिनाचे पाण्यातील द्रावण होमोजिनायझरने घुसळते आणि ते पहिले इमल्शन (एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब) १ टक्का पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या द्रावणात ओतून पुन्हा घुसळते. त्यानंतर विद्रावक उडून जाईपर्यंत ढवळणे, सेंट्रिफ्यूज, तीन वेळा धुणे आणि शेवटी लायोफिलायझरमध्ये गोठवून सुकवणे. सूक्ष्मदर्शकाखाली कण इतके गोल आणि नेटके दिसतात की पहिल्या तुकडीनंतर प्रबंध निम्मा झाला असे मी घरी सांगूनही टाकले होते.

अडचण पुढे सुरू होते. ३७ अंशांवर, ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवल्यावर पहिल्या चोवीस तासांतच जवळजवळ निम्मे प्रथिन बाहेर येते. त्यानंतर सुमारे तीन आठवडे आलेखाची रेघ आडवी राहते, पाचव्या आठवड्यात ती किंचित चढते, आणि आठव्या आठवड्यात कणांचा चिकट लगदा झाला तरी भरलेल्या प्रथिनापैकी साधारण एक तृतीयांशाचा हिशेब लागत नाही. तीन तुकड्यांत हेच घडले आहे.

माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या मते लसीच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा हा लोंढा दोष मानू नये, कारण तीच पहिली मात्रा ठरते. त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. परंतु पहिली मात्रा साध्या द्रावणातूनही देता येते, खरी गरज नंतरच्या मात्रांची आहे आणि नेमक्या त्याच माझ्या कणांत अडकून पडल्या आहेत. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे इथे उपयोगी पडत नाहीत. १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ल्युप्रोलाइड या औषधाचे महिनाभर पुरणारे इंजेक्शन सर्वत्र दाखवले जाते, पण तो अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा पेप्टाइड आहे; माझ्या प्रथिनात ५८३ आहेत. एमआयटीच्या गटाने २०१७ साली दाखवलेले, झाकण बसवलेल्या डब्यांसारखे आणि ठरावीक काळाने एकदम रिते होणारे कण मला हवे तसे वागतात, मात्र तसे साचे बनवण्याची सोय आमच्याकडे नाही.

उरलेले प्रथिन कणांत खरोखर अडकले आहे, की ते बाहेर येऊनही माझ्या ब्रॅडफर्ड चाचणीला (रंगावरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीला) दिसत नाही, हे कसे ओळखावे? आणि पहिल्या दिवसाचा लोंढा आवरण्यासाठी पॉलिमर बदलण्याआधी कृतीत काय बदलून पाहावे? पॉलिमर महाग असल्यामुळे अंदाजाने तुकड्या वाया घालवण्याची ऐपत नाही.

प्रतिसाद १

आपण दोन वेगळी दुखणी एकत्र मांडली आहेत, ती आधी वेगळी करावीत. लोंढा हा बहुतांशी पृष्ठभागाजवळच्या आणि छिद्रांतल्या प्रथिनाचा असतो. बाहेरच्या पाण्यात मीठ घातल्यास आतल्या थेंबांत पाणी शिरण्याची ओढ कमी होते आणि कण कमी सच्छिद्र होतात. शिवाय डायक्लोरोमिथेनमधील पॉलिमरचे प्रमाण वाढवून पाहावे. हे दोन्ही बदल एकाच तुकडीत करू नयेत, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचे हे कळणार नाही.

अडकलेल्या प्रथिनाचे मूळ आम्लात आहे. पीएलजीए विघटित होताना सुटणारे आम्ल कणाच्या आत साठते, बाहेरचा बफर ७.४ वर असला तरी आतला पीएच ३ च्याही खाली जाऊ शकतो आणि तिथे अल्ब्युमिनच्या गुठळ्या होतात. आठव्या आठवड्याचा लगदा टाकून देऊ नये. तो असिटोनमध्ये विरघळवून सेंट्रिफ्यूज करावा आणि तळाला बसलेले प्रथिन आधी साध्या बफरमध्ये, मग ६ मोलर युरियात, आणि तरीही उरले तर डायथायोथ्रेइटॉल (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) घातलेल्या युरियात विरघळते का ते पाहावे. युरियात विरघळणाऱ्या गुठळ्या सहसंयुज बंधांनी जोडलेल्या नसतात. डायथायोथ्रेइटॉलशिवाय न सुटणाऱ्या गुठळ्यांत डायसल्फाइड बंध असतात. संशोधक श्वेंडेमन यांच्या गटाने २००० साली पॉलिमरमध्ये आम्ल उदासीन करणारे थोडे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळून याच अल्ब्युमिनच्या गुठळ्या रोखून दाखवल्या होत्या.

बफरमध्ये ट्वीन हे डिटर्जंट घालत असाल, तर ब्रॅडफर्डच्या प्रमाण द्रावणांतही ते तितकेच घालावे. ही चाचणी डिटर्जंटने बिघडते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या तुकडीच्या लगद्यावर ही चाचणी केली. साध्या बफरमध्ये फारच थोडे विरघळले, उरलेल्यापैकी बहुतेक युरियात विरघळले. म्हणजे प्रथिन आतच होते आणि त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. बाहेरच्या द्रावणात मीठ घातलेली नवी तुकडी कालच बफरमध्ये ठेवली आहे.

आता एकच शंका उरते. आम्ल पॉलिमरच्या विघटनाला स्वतःच वेग देते. मग मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने ते उदासीन केल्यास पाचव्या आठवड्यातील चढ आणखी पुढे ढकलला जाईल का? तसे होत असेल, तर कमी रेणुभाराचा पीएलजीए घेऊन ती वेळ पुन्हा अलीकडे आणता येते का, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.