उत्तर: पफ अप आणि स्वेल अप मध्ये नेमका फरक काय?

इंग्रजीतल्या पफ अप (puff up) आणि स्वेल अप (swell up) या दोन्हीचा अर्थ सुजणे, कुठलंही वापरा, असं काही जण सांगतात. अगदी तसं नाहीये. घोटा मुरगळला, मधमाशी चावली की स्वेल अप, म्हणजे आत पाणी धरून तो भाग टणक, दुखरा झालाय. पफ अप मध्ये हलकेपणा आहे, झोपेतून उठल्यावर किंवा रडून रडून डोळे सुजतात ना, ते पफ अप. पक्षी थंडीत पिसं फुलवतात त्यालाही पफ अपच, तिथे स्वेल चालणारच नाही.

खरी गंमत अभिमानात आहे, मुलाचं यश बघून बापाची छाती फुलते ते स्वेल विथ प्राइड, कौतुकाने म्हणतात आणि तिथे सहसा अप लावत नाहीत, पण एखाद्याला पफ्ड अप म्हटलं की तो टोमणा, डोक्यात हवा गेलीय असा. आणि हो, आपल्याकडे कोणी गाल फुगवून बसतं ते यातलं काहीच नाही, त्याला सल्क म्हणतात.

रूपं बघायची तर स्वेल, स्वेल्ड, स्वोलन. तिसऱ्या रूपात स्वेल्डही चालतं, पण सुजलेला पाय म्हणायचं तर स्वोलन फूटच. गर्दी किंवा आकडा वाढला तर नुसतं स्वेल पुरे.

अजून एक, डोळ्यात पाणी तरळलं याला बरेच जण स्वेल अप लिहितात, ते वेल अप आहे, स नाहीच. स लावलात तर डोळे सुजले असा अर्थ होतो 😄