मदत हवी आहे : १४ वर्षांनी सुटलेल्या मामासाठी

माझा मामा जन्मठेप भोगून गेल्या महिन्यात घरी आला. दार सताड उघडं असलं तरी कुणी "जा" म्हणेपर्यंत उंबऱ्यातच थांबतो. आत सुतारकाम शिकलाय. त्याने रंधा मारलेली फळी गालाला लावावी इतकी गुळगुळीत! पण रेशनकार्डातून नाव गेलंय, आधार नाही, म्हणून बँकेत खातं नाही. पोलिस पडताळणीचं नाव निघालं की काम देणारे मागे सरतात. सातारा-पुणे भागात त्याला ठेवून घेईल असा फर्निचरवाला कुणाच्या ओळखीत आहे का? कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

आणखी एक. १८९४ च्या तुरुंग कायद्याऐवजी केंद्राने २०२३ मध्ये राज्यांसाठी आदर्श कायदा तयार केला. त्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचाही विचार आहे. सुटण्याआधीच कैद्याच्या हाती कागदपत्रं पडावीत, असं निवेदन आमदारांना द्यायचंय. कुणी वकील मसुदा तपासून देईल का?