अनुभव : कुस्ती शिकवणारे आमचे इतिहासाचे सर

सर गेले त्याला आज तेरा दिवस झाले. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ३१ वर्षं त्यांनी सकाळी इतिहास शिकवला आणि संध्याकाळी कुस्तीचा संघ सांभाळला. शोकसभेत ढाली, पदकं, विद्यापीठाचे विजेते, सगळं सांगून झालं. पण बोलायला उभे राहिले ते चार-पाच जण. मागे दाराशी चेमटलेल्या कानांची कितीतरी पैलवान माणसं शेवटपर्यंत गप्प उभी होती. त्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा. दोन ओळी आल्या तरी चालतील. सर थोर होते हे आपल्याला ठाऊक आहे. काय घडलं ते लिहा.

सुरुवात मी करतो. मी पैलवान नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी. दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी आमचा अख्खा वर्ग खासबाग मैदानात नेला. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं हे मैदान. आम्हाला सर्वांत वरच्या पायरीवर बसवून सर स्वतः खाली हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत उतरले आणि वाकून लाल माती कपाळाला लावली. तिथून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "दिसतोय का रे सगळ्यांना?" दिसत होते. "मग लिहा. इथं शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. बांधणाऱ्यानं कुणाचा विचार केला, ते बांधकामात वाचता येतं." महाराजांनी रोमचं कोलोसियम पाहून ही कल्पना घेतली, असं मी म्हणालो. सर म्हणाले, "असं सांगतात. उत्तरात 'असं सांगतात' हे दोन शब्द घाल, मग मार्क देतो." पुढे मी पत्रकार झालो. ते दोन शब्द आजवर सोडलेले नाहीत.

राधानगरी तालुका, १९७९ची बॅच

मला लिवायची सवय न्हाई, पोरगी टाइप करती हाय. मी ट्रंक घेऊन आलो तवा सरांनी पयला प्रश्न केला, "जेवलास का?" दुसरा, "वजन किती?" पहाटे चारला माती उकरायला स्वतः फावडं घेऊन उभं ऱ्हायचे. मातीत ताक, हळद, कापूर, लिंबू पडायचं त्याचं पैसं कोण देतंय, ते आमाला लई उशिरा कळलं. मैदानात जिकलो की इनामातलं अर्धं पोस्टाच्या पुस्तकात टाकायला लावायचे. त्या पैशावर माझ्या भनीचं लगीन झालं. मी भारंदाज डाव चांगला मारायचो, पण सर दुसऱ्यांना सांगताना म्हणायचे, "ह्याचं पोस्टाचं पुस्तक बघा."

सांगली, १९८८

सरांनी मला एकदाच मारलं. हरलेल्या पोराच्या छातीवर बसून मी शड्डू ठोकला होता म्हणून.

कऱ्हाड, १९८३ची बॅच

आमच्या भागातलं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव, त्यामुळे सर मला वर्गात उभं करून विचारायचे. २३ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, बँटमवेट हा कमी वजनाचा गट, कांस्य. हे मी घडाघडा म्हणायचो. मग सर विचारायचे, "सुवर्ण कुणाला?" वर्ग गप्प. जपानच्या इशीला. "ज्याच्याशी लढलो त्याचं नाव माहीत नसेल तर कुस्ती अर्धीच कळली."

खाशाबांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, हे शिकवून झाल्यावर सरांनी घरचा अभ्यास दिला : त्या साली ७००० रुपये म्हणजे किती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या. माझे आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं एका जागी म्या कधी बघितलंच न्हाई." मी ते वर्गात सांगितलं. सरांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि दिवसभर पुसू दिलं नाही.

ऑगस्ट १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले. त्या दिवशी सर वर्गावर आले, हजेरी घेतली आणि खुर्चीत बसून राहिले. तास संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

पुणे, १९९४

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहू की नको याचा आठवडाभर विचार केला. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी माझी निवड झाली होती. वजन गटात बसेना म्हणून दोन दिवस पाणी तोडलं, अंगावर चादरी घेऊन पळालो. वजनाच्या दिवशी पहाटे सरांनी माझ्या हाताची कातडी चिमटीत धरली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी यादीतून माझं नाव काढलं. मी पाया पडलो, रडलो, नको ते बोललो. ते फक्त एवढंच म्हणाले, "पाणी पी." ते माझं शेवटचं वर्ष होतं. पुन्हा संधी आली नाही. चार वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. माझ्या लग्नाला ते आमंत्रण नसताना आले, शेवटच्या पंगतीत जेवले आणि गेले. सरांचं बरोबर होतं हे आज कळतं. ती स्पर्धा हुकल्याचं दुःख मात्र अजून आहे, आणि दोन्ही खरं आहे.

इचलकरंजी, २००३

मुलींची कुस्ती २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा येणार होती. सरांनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, "कोण येतंय?" मी हात वर केला. घरून आईची हरकत होती. तेव्हा पहिले तीन महिने काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, रोज संध्याकाळी मॅटशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे. मेथी निवडायला आणायच्या, आणि मी पटाचा डाव काढला की मान वर करून, "आता बरोबर गेला बघ हात," म्हणायच्या. सरांविषयी लिहिताना त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून लिहिलं. वर्गातली एक आठवण : खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यावर. सर फळ्यावर वजाबाकी मांडायचे, पुरस्काराचं साल वजा १९५२, आणि उत्तराखाली रेघ मारून खडू ठेवायचे.

कोल्हापूर, १९९९ची बॅच

शेवटचे दोन महिने मी रोज रात्री सरांच्या घरी झोपायला जात होतो. पायातली ताकद गेली होती, उठवून बसवावं लागायचं. पहिल्या रात्री मी मनगटाला धरून ओढलं. सर कळवळले, थांबले, आणि अगदी तालमीतल्या आवाजात म्हणाले, "मनगट नको. खाली बस. खांदा माझ्या काखेत घाल. आता कमरेतनं उठ." मी तसं केलं. सर अलगद उभे राहिले.

"हां," म्हणाले. "परत एकदा कर."