बिनपगारी रजेवर असताना शिक्षकाने दुसरं काम करावं का?

पाटीपेन्सिल:
मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका, नोकरीला सोळा वर्षं झाली. धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. १८० दिवसांची बालसंगोपन रजा केव्हाच संपली, अर्जित रजाही संपली, म्हणून गेल्या जूनपासून असाधारण रजेवर आहे. म्हणजे बिनपगारी. पगार नाही, वेतनवाढीची तारीख पुढे गेली, एनपीएसमध्ये, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या खात्यात, काही जमा होत नाही. थेरपी मात्र आठवड्यातून तीनदा, आणि तिथे रोख पैसे मोजावे लागतात.

मध्यंतरी मुलांच्या एका पुस्तकाच्या भाषांतराचं काम आलं. रात्री तो झोपल्यावर घरी बसून करायचं. लपवाछपवी नको म्हणून रीतसर अर्ज केला. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा फिरून तो चार महिन्यांनी परत आला. वर एकच ओळ: ‘सेवेत असताना अन्य काम अनुज्ञेय नाही.’

पगारी रजेवर हे बंधन मला मान्य आहे. पण पगार बंद असताना शिक्षकाने काय काम करतो ते फक्त कळवावं, परवानगीसाठी ताटकळू नये, असं माझं ठाम मत आहे. शिकवण्या मात्र तेव्हाही नकोत.

दोन शिक्षकी:
ताई, तुमची ओढाताण कळते. तरीही मी विरोधात आहे.

माझी शाळा पहिली ते चौथी, पट ३८, शिक्षक दोन. सहकारी दीड वर्ष अशाच रजेवर होते. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणाऱ्या कागदात, त्यांची जागा भरलेली दिसते, त्यामुळे बदली माणूस मिळत नाही. चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसायचो. चौथीला अपूर्णांक समजावत असताना पहिलीची पोरं पाटीवर तेच ‘क’ गिरवत बसायची. त्यांतली एक मुलगी पाटी पुसून पुन्हा तोच ‘क’ काढून दाखवायला यायची, आणि मी ‘छान’ म्हणून परत पाठवायचो. पुढचं अक्षर द्यायला मला वेळच नसायचा. वर पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा तोही मीच.

आणि हे सर तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवत होते. नंतर हजर झाले, जागा शाबूत. नुसतं ‘कळवा’ म्हटलं तर असे लोक कागद टाकून मोकळे होतील.

जुना आस्थापना लिपिक:
शिक्षण विभागात आस्थापना टेबलावर हयात गेली, म्हणून लिहितो. रजेवर गेल्याने माणूस सेवेबाहेर जात नाही, धारणाधिकार, म्हणजे त्या पदावरचा हक्क, कायम राहतो, म्हणून वर्तणूक नियमही लागू राहतात. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे, जिल्हा परिषदेला १९६७ चे. सूत्र एकच: पूर्वमंजुरीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी नाही.

पण १९७९ च्या नियम १६ मध्येच सूट आहे. कर्तव्यात बाधा येत नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचं साहित्यिक, कला किंवा शास्त्रविषयक काम मंजुरीशिवाय करता येतं. एका पुस्तकाचं भाषांतर त्यात बसतं असं माझं मत. दरमहा ठरावीक पैशांवर बांधून घेतलं तर ती नोकरी झाली. ‘अन्य काम’ हा शब्द लिहिणाऱ्याने नियमाचा पहिला अर्धाच भाग वाचला.

शिकवणीचं वेगळं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीची सरळ मनाई करतं. त्या सरांना तेच दाखवायला हवं होतं.

तासिकेवरचा:
माझी बाजू कुणीच मांडली नाही. २०१२ ला डी.एड. झालो. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलोय, तोवर एका खासगी शाळेत तासिकेवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवतो. उन्हाळ्यात तासिका नाही, म्हणजे पैसेही नाहीत. शिक्षणसेवकाचं, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाचं, मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,००० झालं, मला तेही स्वप्नच.

ताई, तुमची जागा तुमच्यासाठी राखून ठेवलीय. बाहेरची छोटी कामंही तुम्हीच घेणार असाल तर आम्ही कुठे जायचं? भाषांतर, पुस्तक तपासणी, ऑनलाइन तास, यांवरच आमचं घर चालतं. जागा राखायची तर बाहेर कमवू नये. कमवायचं तर जागा सोडावी.

पाटीपेन्सिल:
दादा, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. पण राजीनामा दिला तर चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून परीक्षा, आणि मुलगा तर आयुष्यभर सोबत आहे.

दोन शिक्षकी सर, रात्री दहा ते बारा हे शाळेचे तास नव्हेत. त्या वेळात मी भाषांतर केलं काय न् झोपले काय, तुमच्या पहिलीच्या मुलीला पुढचं अक्षर मिळणार नव्हतं. ते मिळालं असतं जागेवर मुदतीपुरता शिक्षक आला असता तर.

आयर्लंडहून:
माझी बायको इथे डब्लिनमध्ये शिक्षिका आहे. इथे कारकीर्दीतून विराम घ्यायची रीतसर योजनाच आहे: एका वेळी एक ते पाच वर्षं, सगळी मिळून दहा. जागा मोकळी दाखवून मुदतीवर दुसरा शिक्षक नेमतात. त्यामुळे रजेवरचा काय करतो यावर शाळेत कुणी चिडत नाही.

दोन शिक्षकी:
मुदतीचा शिक्षक मिळाला असता तर मी निम्मा शांत झालो असतो, हे कबूल. पण पूर्वमंजुरी हवीच. ती तीस दिवसांत द्या किंवा कारण लिहून नाकारा, एवढी दुरुस्ती मला चालेल.

तासिकेवरचा:
मुदतीवर का होईना, ती जागा द्या. मी ३८ पोरं सांभाळायला उद्या येतो. मग ताईंनी खुशाल भाषांतर करावं.

पाटीपेन्सिल:
सोमवारी दुसरा अर्ज टाकते. ‘एका पुस्तकाचं भाषांतर, प्रासंगिक साहित्यिक काम’ असा स्पष्ट उल्लेख करून. दुसऱ्या परिच्छेदात माझ्या वर्गावर रजेच्या मुदतीपुरता शिक्षक द्यावा अशी मागणी. सर, तुमच्याही शाळेतून तसं पत्र जाईल का?

दोन शिक्षकी:
मसुदा पाठवा, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह देतो. पूर्वमंजुरीबद्दल माझं मत तेच आहे, ते बदलायचा प्रयत्न करू नका.